थकवा मोजणाऱ्यांची पट्टी

थकव्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दिवसभर वाकून आवणी करून आलेली बाई 'दमले' म्हणते. लांबच्या प्रवासाचा शीण येतो. तापातून उठलेल्याला अशक्तपणा असतो. वाईट बातमी ऐकली की हातपाय गळतात. आयुर्वेदाने तर कष्टाने येतो तो श्रम आणि कष्टावाचून येतो तो क्लम, असा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. यांतला कोणता शब्द केव्हा वापरायचा, हे शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या आसपासच्या कुठल्याही पाड्यावरच्या बाईला शिकवावे लागत नाही. तिच्याकडे प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याला मात्र या सगळ्या शब्दांच्या जागी एकच रकाना हवा असतो : थकवा आहे का, आणि असल्यास सहा महिन्यांहून जास्त काळ आहे का?

हा रकाना भरला की त्याची टक्केवारी निघते, टक्केवारीचा शोधनिबंध होतो, शोधनिबंधावरून उपचार ठरतात. म्हणून रकाना कसा आखला गेला हे पाहणे हे केवळ संख्याशास्त्रज्ञांचे काम नाही. गेल्या वीस वर्षांत या विषयावर आपल्या शेजारी गोव्यात आणि पुण्यात महत्त्वाचे संशोधन झाले. इंग्लंडमध्ये त्याच विषयावरच्या एका मोठ्या चाचणीला रुग्णांनीच आव्हान दिले. ही तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर संशोधनाच्या दर्जाविषयी एक साधा प्रश्न पुढे येतो. ज्याला मोजले, त्याला मोजण्याची पट्टी पाहता येते का?

आजार कोणता?

प्रथम एक घोळ दूर करायला हवा. दीर्घकाळ थकवा असणे ही तक्रार आहे. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' किंवा 'मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' हा आजार आहे. तक्रार शंभर कारणांनी येते. रक्त कमी, थायरॉइड बिघडलेले, मधुमेह, क्षय, नैराश्य, अर्धपोटी राहणे, झोप न मिळणे. आजाराची ओळख त्याहून नेमकी आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली उपलब्ध संशोधन चाळून जे निकष सुचवले, त्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ घटलेली कार्यक्षमता आणि थकवा आहे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आहे आणि या आजाराची खास खूण म्हणता येईल अशी गोष्ट आहे : श्रमानंतरची घसरण. थोडेसे काम केले, त्या वेळी जमलेही. पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस असा कोसळतो की सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात. याच्या जोडीला विचार-स्मरणातला गोंधळ किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास, यांपैकी एक तरी असावे लागते. आजार पुष्कळदा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. निदानाला पक्की अशी प्रयोगशाळेतली चाचणी आजही नाही.

महाराष्ट्राला संसर्गानंतरच्या या अवस्थेची तोंडओळख आहे. २००६च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महिनोन्महिने सांधे आणि अंग धरून बसलेली माणसे गावोगाव होती. कोविडनंतर तर शहरातल्या सुशिक्षितांनाही कळले की ताप उतरणे आणि बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

दमलेल्या माणसाला रात्रीची झोप पुरते, या आजाराच्या माणसाला पुरत नाही. दमलेल्याला 'जरा हिंड-फिर, बरे वाटेल' हा सल्ला लागू पडू शकतो, या आजाराच्या माणसाला तोच सल्ला अंथरुणाला खिळवू शकतो. दोघांना एकाच रकान्यात बसवले की एकाचे औषध दुसऱ्याला जाते. रुग्णांच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

गोव्याचा अभ्यास : भूक कोणत्या रकान्यात?

२००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गोव्यातल्या स्त्रियांमधल्या दीर्घ थकव्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातल्या १८ ते ५० वयाच्या ३,००० स्त्रिया यादृच्छिक पद्धतीने निवडल्या गेल्या. त्यांतल्या २,४९४ जणींनी, म्हणजे ८३ टक्क्यांनी, भाग घ्यायला संमती दिली. १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. विकसनशील देशातल्या स्त्रियांच्या थकव्याकडे इतक्या पद्धतशीरपणे तोवर फारसे कोणी पाहिले नव्हते, आणि याचे श्रेय या अभ्यासाला द्यायलाच हवे.

निष्कर्ष असे : वय जास्त, शिक्षण कमी, गेल्या तीन महिन्यांत उपाशी राहावे लागलेले, अशा स्त्रियांत थकवा अधिक. या बाबी हिशेबात धरूनही दोन गोष्टींशी थकव्याचे नाते सर्वांत घट्ट निघाले. एक, बाई म्हणून वाट्याला येणारे दुय्यमत्व, विशेषतः नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा. दोन, मानसिक अनारोग्य. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मात्र थकव्याचे नाते सापडले नाही.

ज्या समाजात बाईच्या थकव्यावर लोहाच्या गोळ्या हे एकच उत्तर असते, तिथे हा निष्कर्ष धक्का देणारा आणि मोलाचा होता. घरातल्या हिंसेला आकड्यांत जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही निबंध सावकाश वाचला की काही प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न रकान्यांचा. याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे : उंचीच्या मानाने वजन जास्त असलेल्या स्त्रियांना थकव्याचा धोका कमी होता. उलट बाजूने वाचले तर अंगावर मांस नसलेल्या बायका अधिक थकलेल्या होत्या. त्याला उपासमारीचा निष्कर्ष जोडून पाहा. उपासमार इथे 'सामाजिक-आर्थिक वंचितते'च्या रकान्यात गेली आहे. पण भूक लागते ती पोटाला. तीन महिन्यांत उपाशी राहिलेली, अंगाने रोड असलेली बाई थकली असेल, तर तिचे शरीर काहीच बोलले नाही असे कसे म्हणायचे? समारोपात सगळा भर मात्र मनोसामाजिक घटकांवर आला आणि शरीराच्या बाजूने उभे राहायला एकटे हिमोग्लोबिन उरले. ते हरले. पण हिमोग्लोबिन हरणे म्हणजे शरीर हरणे नव्हे.

दुसरा प्रश्न दिशेचा. हे एका वेळचे सर्वेक्षण आहे. थकवा आणि उदासी एकत्र सापडल्या, एवढेच ते सांगू शकते. उदासीने थकवा आला, की महिनोन्महिने न उतरणाऱ्या थकव्याने उदासी आली, की दोन्हींच्या मागे तिसरेच काही आहे, हे एका भेटीत ठरत नाही. शिवाय मानसिक आजार मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत थकव्याविषयीचा प्रश्न बहुधा असतोच. असे मोजमाप करताना तो प्रश्न बाजूला काढला नाही, तर थकवा थकव्याशीच जुळतो आणि आपण त्याला शोध म्हणतो. या विषयावरचा कोणताही निबंध वाचताना ही खातरजमा करायला हवी.

तिसरा प्रश्न आजाराचा. हा अभ्यास थकव्याच्या तक्रारीचा आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम मोजल्याचा त्याचा दावा नाही. पण तक्रारीवरचा निष्कर्ष वाचकाच्या मनात नकळत आजाराला जाऊन चिकटतो. १२.१ टक्क्यांत श्रमानंतर कोसळणाऱ्या किती आणि नुसत्या राबून थकलेल्या किती, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

पुणे : चार चाळण्या

रकान्यांचा हाच प्रश्न पुण्यातल्या संशोधकांनी वेगळ्या बाजूने हाताळला. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे डॉ. वासुदेव परळीकर, मराठी प्रेक्षकाला नट म्हणून माहीत असलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे आणि मिचेल वाइस यांच्या गटाने पुण्यातल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत थकवा-अशक्तपणा सांगणाऱ्या ३५२ रुग्णांचा अभ्यास केला. मानसोपचार, औषधवैद्यक, त्वचारोग आणि आयुर्वेद असे चार विभाग निवडले होते. २००७ आणि २०११ साली त्यावरचे निबंध आले.

२००७च्या निबंधाचे काम साधे आणि धाडसी होते. थकव्याच्या आजाराला जगात तेव्हा चार वेगवेगळ्या व्याख्या लावल्या जात होत्या : अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राची क्रॉनिक फटीग सिंड्रोमची, जागतिक आरोग्य संघटनेची न्यूरॅस्थेनियाची, अमेरिकी मानसोपचार संघटनेची शारीररूपी विकाराची आणि चिनी मानसोपचाराची न्यूरॅस्थेनियाची. त्याच रुग्णांना या चार चाळण्यांतून गाळून पाहिले, तर चाळण्यांचा आपसांत मेळ फारच थोडा बसला. म्हणजे रुग्ण तोच, तक्रार तीच. नाव कोणते मिळेल हे चाळणीवर अवलंबून. २०११च्या निबंधात आणखी एक पाऊल पुढे जाऊन रुग्णांनाच विचारले आहे की या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, आणि तुम्ही कुठे कुठे मदत शोधली.

रुग्णाच्या स्वतःच्या शब्दाला पुरावा मानणे ही या अभ्यासाची खरी कमाई आहे. पण त्याच्याही मर्यादा आहेत. रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेला, रांगेत उभा राहू शकणारा रुग्णच त्यात येतो. या आजाराचा तीव्र रुग्ण घराबाहेरच पडू शकत नाही. खेड्यातली बाई थकव्यासाठी शहरातल्या रुग्णालयात जातच नाही. ती गावच्या डॉक्टरकडे जाऊन एक सलाईन लावून घेते.

इंग्लंड : मध्येच बदललेली पट्टी

गोवा-पुण्याच्या अभ्यासांत नसलेली एक गोष्ट इंग्लंडमध्ये घडली. मोजल्या गेलेल्यांनी मोजणाऱ्यांचे वहीखाते मागितले.

२०११ साली 'लॅन्सेट'मध्ये 'पेस' नावाच्या चाचणीचे निकाल आले. ६४१ रुग्ण, चार गट. एका गटाला विशेषज्ञाकडून नेहमीचे उपचार, बाकीच्या तिघांना त्याच्या जोडीला अनुक्रमे शक्ती जपून वापरण्याचे शिक्षण, विचार-वर्तन उपचार आणि क्रमाक्रमाने वाढवत नेलेला व्यायाम. शेवटचे दोन उपचार गुणकारी ठरले, असा निकाल होता. २०१३च्या पुढच्या निबंधात या दोन गटांतले प्रत्येकी २२ टक्के रुग्ण 'बरे झाले' असे सांगितले गेले. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ७ टक्के होते.

रुग्णांनी निबंध बारकाईने वाचले. शारीरिक क्षमतेसाठी ० ते १०० गुणांची प्रश्नावली होती. चाचणीत प्रवेश मिळायला ६५ किंवा त्याहून कमी गुण असणे आवश्यक होते, म्हणजे तेवढे गुण असलेला माणूस आजारी. मूळ आराखड्यात 'बरा' ठरायला निदान ८५ गुण लागत होते. निकाल मांडताना ही अट ६० वर आली. प्रवेशाच्या वेळी ६५ गुण असलेला आणि वर्षभरानंतर ६० वर घसरलेला रुग्ण या कसोटीपुरता बरा! बरे होण्याच्या इतरही अटी होत्या, पण ही कसोटी अशीच होती. ६० हा आकडा आणला होता वृद्धांसह सगळ्या प्रौढांच्या सर्वेक्षणातून. संशोधकांचे म्हणणे असे की जुनी अट फार कडक होती, निरोगी लोकांपैकीही कित्येक तिच्यात बसले नसते. तसे असेलही. पण मग ती निकालाआधी ठरवताना हे का सुचले नाही, हा प्रश्न उरतो.

आक्षेप एवढाच नव्हता. कोणता उपचार मिळतो हे रुग्णाला आणि उपचार करणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते, अशा उपचारांत ते लपवताही येत नाही. मुख्य निकाल रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवर बेतलेला होता. ज्या उपचारात 'तुला वाटते त्याहून तू जास्त करू शकतोस' हेच शिकवले जाते, त्या उपचारानंतर माणूस कागदावर आपली क्षमता जास्त लिहील, हे उघड आहे. यावर उतारा वस्तुनिष्ठ मोजमापाचा. हालचाल मोजणारे यंत्र सुरुवातीला रुग्णांना लावलेही होते. शेवटच्या मोजमापातून ते गाळले गेले. चाचणी चालू असताना रुग्णांना पाठवलेल्या पत्रकात उपचारांची स्तुती करणारे रुग्णांचे अभिप्राय छापले होते. आणि रुग्णनिवडीला लावलेली १९९१ची 'ऑक्सफर्ड' व्याख्या इतकी सैल होती, की श्रमानंतरची घसरण नसलेलाही तिच्यात बसे.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या कायद्याखाली चाचणीची निनावी आकडेवारी मागितली. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने ती नाकारली. माहिती आयुक्तांनी रुग्णाच्या बाजूने निर्णय दिला. विद्यापीठ अपिलात गेले. ऑगस्ट २०१६मध्ये न्यायाधिकरणाने ते फेटाळले आणि आकडे बाहेर आले. मूळ आराखड्याच्या अटी लावून रुग्ण आणि शास्त्रज्ञांनी मिळून पुन्हा हिशेब केला. 'बरे झालेले' विचार-वर्तन उपचारात ६.८ टक्के, व्यायामात ४.४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३.१ टक्के. गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण उरला नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने नवी मार्गदर्शिका काढून क्रमवार व्यायामाची शिफारस मागे घेतली. विचार-वर्तन उपचार आजारावरचा उपाय म्हणून देऊ नये, हवा असल्यास आधार म्हणून द्यावा, असे म्हटले. पेसचे संशोधक आपल्या निष्कर्षांवर आजही ठाम आहेत. पण वाद आता खुल्या आकड्यांवर होतो, हा फरक मोठा आहे.

या रुग्णांवर एक आरोप सतत होतो : त्यांना मानसिक आजाराची लाज वाटते, म्हणून ते मानसोपचाराला विरोध करतात. काहींच्या बाबतीत तसे असूही शकेल. पण '६५ला आजारी आणि ६०ला बरा कसा?' या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या मनोवृत्तीत सापडत नाही. ते वहीतच शोधावे लागते.

आणि हाच न्याय उलट बाजूलाही लावला पाहिजे. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात या आजाराच्या रुग्णांत 'एक्सएमआरव्ही' नावाचा विषाणू सापडल्याचे आले. शरीराची साक्ष मिळाली म्हणून अनेक रुग्णांनी तो निबंध डोक्यावर घेतला. इतर प्रयोगशाळांत विषाणू सापडेना. तो नमुन्यांतल्या दूषितीकरणाचा परिणाम ठरला आणि २०११मध्ये निबंध मागे घेतला गेला. निष्कर्ष आपल्या बाजूचा असला तरी पट्टी तीच राहायला हवी.

डोळखांबची बाई

आता हे सगळे आपल्या मातीत आणून पाहू. समजा, उद्या डोळखांब परिसरात असा अभ्यास करायचा ठरला. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात आहेत. याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते आणि हंडे बाईच्याच डोक्यावर असतात. पावसाळ्यात आवणी, नंतर कापणी-झोडणी, दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर. अशा ठिकाणी 'सहा महिने थकवा आहे का' हा प्रश्न जुलैत विचारला तर एक उत्तर येईल, फेब्रुवारीत दुसरे. आणि फेब्रुवारीत निम्मी घरे कुलूपबंद असतील. ज्यांची नोंद सर्वांत जरुरीची, तीच माणसे यादीतून निसटतील.

म्हणून इथला अभ्यास निदान एक वर्ष, सगळे हंगाम धरून चालावा लागेल. त्यात पाणी, सरपण, शेत आणि भट्टी यांचे तास मोजावे लागतील, कारण श्रम किती हे न कळता श्रमाच्या मानाने थकवा जास्त की रास्त, हे कसे ठरणार? हिमोग्लोबिनवर न थांबता थायरॉइड, साखर, क्षय आणि आदिवासी भागात सिकलसेल तपासावा लागेल. भूक किती, हे शरीर आणि समाज या दोन्ही रकान्यांत लिहावे लागेल. घरातल्या मारझोडीचा आणि जबरदस्तीचा प्रश्न गोव्याप्रमाणे इथेही, एकांतात आणि विश्वासाने, विचारावाच लागेल. शरीर शोधण्याच्या भरात तो गाळला, तर एक अन्याय पुसताना दुसरा झाकला जाईल. आणि एक प्रश्न मुद्दाम घालावा लागेल : काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते? क्लम आणि श्रम यांच्यामधली भिंत बहुधा या एका प्रश्नाच्या उत्तरातच सापडेल.

हे सारे करूनही सर्वांत अवघड भाग उरतोच. इंग्लंडचा रुग्ण 'लॅन्सेट' वाचू शकला, म्हणून त्याला पट्टी बदललेली दिसली. गोव्यातल्या २,४९४ स्त्रियांविषयीचा निबंध इंग्रजीत आहे. त्यांतल्या ज्या उपाशी होत्या, ज्यांचे शिक्षण कमी होते आणि ज्यांच्यामुळे त्या निष्कर्षाला वजन आले, त्यांच्यापर्यंत तो निबंध पोहोचणे अवघड होते. माझी भूक तुम्ही कुठे लिहिलीत, हे त्यांनी विचारायचे कोणाला?

साधने आपल्याकडेही आहेत. उपचारांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी भारतात २००९पासून सक्तीची आहे. नोंदणी असली की पट्टी बदलली तर दिसते. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२पासून आणि देशात २००५पासून आहे, आणि सरकारी पैशाने होणारे संशोधन त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत ज्या समाजात संशोधन होते त्याला सहभागी करून घेण्याची अपेक्षा आहे. कमी आहे ती भाषेची आणि सवयीची. ज्या पाड्यावर बसून प्रश्न विचारले, त्याच पाड्यावर निष्कर्ष मराठीत वाचून दाखवावेत, रकाने कसे पाडले ते सांगावे आणि बायकांची हरकत आली तर ती निबंधात छापावी. एवढी अट आपल्या विद्यापीठांनी आणि रुग्णालयांच्या नैतिक समित्यांनी घातली, तर संशोधनाचा दर्जा कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेची वाट न पाहता सुधारेल.

तोवर बाई आरोग्य केंद्रात जाईल. तिला लाल गोळ्या मिळतील, किंवा गावच्या डॉक्टरकडे सलाईन, किंवा 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला. त्यांतले काहीतरी बरोबरही असेल. पण कोणते, हे सांगायला तिला अजून कोणी नीट मोजलेले नाही.